बांधून ठेवलेलं फाटक

पोलिसाच्या नोकरीत मढी पुष्कळ पाहिली. पण त्या लहान मुलीची केस अजूनही जेवताना आठवली, तर ताट बाजूला सारतो.

सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्याला एका व्यापाऱ्याचा बंगला. मागे घरच्यांसाठी स्विमिंग टँक, त्याला जाळीचं कुंपण आणि फाटक. त्या व्यापाऱ्याची चार वर्षांची मुलगी भर दुपारी त्यात बुडाली. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला. फाटकाला स्प्रिंग होती. सोडलं की धाडकन आपोआप बंद व्हायचं. कडी माझ्या छातीशी. एवढीशी पोर ती उघडणार कशी?

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. "साहेब, पोरगी बुडाली म्हणतात, मग ओरडली कशी नाही? बायका तिथंच होत्या की! बंगल्यावरच्या त्या माळ्याला जरा आत घ्या, आपोआप बोलंल."

लोकांना वाटतं, बुडणारं माणूस हात वर करून ओरडतं. अहो, कसलं ओरडतंय! श्वास घ्यायलाच तोंड वर येत नाही, तर आवाज कुठून काढणार? लहान मूल तर गुपचूप खाली जातं. पण मुलीच्या वडिलांनीही जबाबात माळ्याकडेच बोट दाखवलं. "फाटक त्यानंच उघडं टाकलं असणार," म्हणाले. त्यामुळे त्याला चौकशीला बोलावणं भागच होतं.

माळी कर्नाटक सीमेकडच्या गावचा, घरी कन्नड बोलणारा. बाकावर बसून एकच सांगत होता, "मी फाटक लावलो हुतो साहेब. रोज लावतो की. पोरगी माझ्या मागं मागं फिरायची, मी कसं उघडं सोडीन?" खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवीन जोडतो. हा काहीच जोडत नव्हता.

मी पुन्हा बंगल्यावर गेलो. आवारभिंतीवर धुतलेल्या गोधड्या तशाच पडून होत्या. घरात सुतक, उचलणार कोण? नवरात्र तोंडावर आलं होतं. घट बसायच्या आधी घरातलं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायची आपल्याकडे रीतच आहे. पण आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी कुठं असतं? मग एवढ्या गोधड्यांना पाणी आलं कुठून?

मुलीच्या आईला तेवढंच विचारलं. "तिला कशाला विचारताय साहेब?" नवरा मध्येच म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"टँकमधलं घेतलं," ती म्हणाली. "दोन्ही हातांत बादल्या, फाटक सारखं अंगावर यायचं. म्हणून सासूबाईंनी बांधून ठेवलं. मग गोधडी पिळायला आम्ही दोघी. एक टोक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. मला वाटलं, पोरगी तिच्या पप्पांजवळ हाय."

पप्पांना वाटलं होतं, ती आईजवळ आहे.

नवऱ्यानं खिशातून चादरीच्या काठाची एक पट्टी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. आम्ही पोहोचायच्या आत त्यानंच ती फाटकावरून सोडली होती. "माझी आई जगायची नाही हो साहेब," म्हणत तो ढसाढसा रडला.

"पण त्या माणसालाबी लेकरं हायत की," त्याची बायको म्हणाली.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एकदाही वर पाहिलं नाही त्यांनी. मला त्या बापाचा संताप आला होता आणि कीवही येत होती. मी नव्यानं जबाब घेतले, पट्टी पंचांसमक्ष जप्त केली आणि सगळं खरं कागदावर आणलं.

ठाण्यात येऊन माळ्याला म्हणालो, "जा बाबा घरी. तुझ्यावर काही नाही." तो उठला, दारापर्यंत गेला आणि तिथंच खाली बसून त्यानं हंबरडा फोडला. "पोरगी गेली की हो साहेब!" तोवर बिचाऱ्याला भीतीपायी रडताही आलं नव्हतं.

त्या घरात कुंपण होतं, उंच कडी होती, माया करणारी माणसं तर होतीच. फाटकाची कटकट वाटली आणि ते बांधलं, एवढंच झालं. कामाच्या गडबडीत पोरीवर नजर कुणाची, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

आता पाहुण्यांच्या फार्महाऊसवर गेलो की आधी फाटक ओढून बघतो. पाण्यातले चेंडू, खेळणी बाहेर काढतो, कारण पोरं त्यांच्या मागे जातात. मग खुर्ची टाकून टँकच्या काठाशी बसतो, फोन खिशात ठेवून. "साहेब अजून ड्युटीवर आहेत!" म्हणून मंडळी हसतात. हसू देत. गप्पा मारायला कुणी जवळ आलं, तरी मी मान वळवत नाही.