एकही टाका न पडता

कुमुदमावशी गेल्याचं मला पेणच्या शाळेत कळलं. शेवटचा तास संपवून बाहेर आले तर माझा नवरा स्टाफरूमच्या दारात उभा. "दुपारी जेवून आडव्या झाल्या... उठल्याच नाहीत. हार्ट अटॅक," तो म्हणाला. रोह्याला पोहोचेपर्यंत मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्या डोक्याची आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं धास्ती घेतली, त्यानं तिला शेवटपर्यंत दगा दिला नव्हता.

मावशी नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायची आणि पूल ओलांडून पायी रोह्याच्या शाळेत गणित शिकवायला जायची. निवृत्ती जवळ आली असताना एका सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता ती डोकं धरून खाली बसली. "कुणीतरी मागून घण घातला असं वाटलं," असं नंतर सांगायची. तिचे यजमान, आमचे काका, कंपनीतली शिफ्ट करून नुकतेच आले होते. त्यांना वाटलं, पित्त असेल. सुंठ उगाळायला घेतली, तोवर तिला उलट्या सुरू झाल्या, मान वळेना, शब्द तुटायला लागले. रोह्याच्या डॉक्टरांनी बघताच मुंबईला पाठवलं. वाटेत पेणला मीही त्या गाडीत चढले.

मेंदूतल्या धमनीला फुगा आला होता आणि तो फुटला होता. "पुन्हा फुटला तर..." एवढं बोलून तिथल्या डॉक्टरबाई थांबल्या. काकांनी विचारलं, "म्हणजे कवटी उघडणार?" त्या म्हणाल्या, "नाही. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत न्यायची. तिच्यातून प्लॅटिनमची केसासारखी तार फुग्यात सोडायची. ती आत गुंडाळून बसली, की फुग्यात रक्त शिरायचं थांबतं. पण धोका यातही आहे, हे सांगायला हवं." काकांनी भिंतीला हात टेकला. "करा," म्हणाले.

बरेच दिवस ती आयसीयूत होती. नीट शुद्धीवर आली तेव्हा माझ्याकडे बघून पहिलं काय बोलली असेल? "भाकरी करपली का गो?" मी हसले आणि मग बाहेर जाऊन रडले.

घरी आल्यावर मात्र सगळं सोपं नव्हतं. शिंकायलासुद्धा घाबरायची. नावं विसरायची. गणिताची बाई, पण सतराच्या पाढ्यात अडायची. मागच्या पडवीत बसून "सतरा साते..." म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. काका उत्तर सांगायचे नाहीत, चहा ठेवायला उठायचे. एकदा आम्ही भलत्याच गप्पा मारत असताना ती मध्येच ओरडली, "एकशे एकोणीस!" त्या दिवशी काकांनी पेढे वाटले.

गागोद्याची हिराबाई पेणच्या बाजारात वालाच्या शेंगा विकते. एक दिवस ती एका डोळ्यावर पदर धरून बसलेली दिसली. पापणी अचानक मिटली होती, उघडतच नव्हती. तपासात तिच्याही धमनीला फुगा निघाला होता. न फुटलेला, पण पापणीच्या नसेवर दाब देणारा. लवकर उपचार करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हिराबाई ऐकेना. "माज्या डोक्याला कोनाला हात लावू द्यायची नाय," म्हणाली. मी मावशीला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ती गाडीनं पेणला आली आणि मला घेऊन एसटीनं गागोद्याला गेली.

अंगणात हिराबाईसमोर बसून तिनं अंबाड्याच्या पिना काढल्या, केस मोकळे सोडले आणि डोकं पुढं केलं. "घाल हात. टाका कुठं हाय, शोध."

उवा बघाव्यात तशी हिराबाईची बोटं त्या पांढऱ्या केसांतून फिरली. "नाय गो गावत... मंग तार आत गेली कशी?"

"हितून!" मावशीनं स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

"आनि मेली असतीस तर?"

"मेले असते. डॉक्टर धोका सांगतात तो खराच असतो, मी तुला खोटं सांगणार नाय. मलाही भीती वाटली. पण तो फुगा काय आपल्याला विचारून फुटणार हाय?"

हिराबाई कितीतरी वेळ शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "तू येशील संगती?"

"येते की."

आणि उपचाराला तिच्याबरोबर मुंबईला गेलीही. हिराबाईची पापणी लगेच उघडली नाही. आधी नुसती फट दिसली, मग हळूहळू अर्धा डोळा. काही महिन्यांनी बाजारात तिनं दोन्ही डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं आणि वर मूठभर शेंगा जास्त घातल्या.

त्यानंतर मावशीचा नंबर या हातातून त्या हातात गेला. पेणहून, रोह्याहून, आतल्या गावांतून घाबरलेली माणसं फोन करायची. सगळं ठीक होईल असं ती कुणालाच म्हणायची नाही. तिच्याबरोबर मुंबईला गेलेला एक जण परत आला नाही, तेव्हा दोन दिवस ती जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी पुन्हा कुणाबरोबर तरी मुंबईला गेली.

तिचा मोबाइल काकांनी बंद केलेला नाही. रोज चार्जिंगला लावतात. परवा मी अष्टमीला गेले होते, तेव्हा तो वाजला. कुणी अनोळखी माणूस विचारत होता, "कुमुदबाई आहेत का? आईच्या मेंदूत फुगा निघालाय... ती तयारच होत नाय." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, फोन माझ्या हातात देतील. आयुष्यभर मोजकं बोलणारा माणूस. पण ते खुर्चीत सरळ बसले, घसा खाकरला.

"बाई आता नाहीत. हृदयविकारानं गेल्या. पण फुगा फुटल्यानंतर खूप वर्षं जगल्या त्या, चांगल्या जगल्या. मी त्यांचा नवरा बोलतोय... आई जवळच हाय ना? द्या बघू तिला फोन."