कठड्याला हात लावला तर खाली

कमरेवर गरम शेकाची पिशवी ठेवली की माणूस बोलायला लागतो. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पालथं पडून राहायचं, हलायचं नाही, डोळ्यांसमोर नुसती भिंत. मग करणार काय? सासू, साडू, साहेब, सगळे एकेक करून बाहेर निघतात. त्यात आमच्या डोक्यावर जिम. तिथल्या गोष्टी जिन्यावरून खाली यायच्या. दोन्हीकडचं मिळून इतकं साठलंय की एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा मध्ये घुसतो. म्हणून म्हटलं, आज जरा ओळीने सांगू.

नव्वदच्या दशकात द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीत मी दवाखाना थाटला. तळमजल्यावर माझी फिजिओथेरपी, वर विलासभाऊंची जिम. दार एक, जिना एक. फिजिओथेरपी हा शब्द तेव्हा नाशकात फार थोड्यांना ठाऊक होता. कुणी मला मालिशवाल्या बाई म्हणायचे, कुणी विजेच्या शेकामुळे करंटवाल्या. विलासभाऊंना मात्र पहिल्या दिवसापासून सगळे 'सर' म्हणत. त्याचा मला सुरुवातीला फार राग यायचा.

*

चुकीच्या मजल्यावर जाणारं कुणी ना कुणी रोज असायचंच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला असलेले एक गृहस्थ कंबर दुखते म्हणून आले आणि थेट वर निघाले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'व्यायाम' लिहिलं होतं ना! विलासभाऊ जिन्याच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसायचे. त्यांनी त्या गृहस्थांना अर्ध्या जिन्यात गाठलं आणि दंडाला धरून माझ्याकडे आणून बसवलं.

"तुम्हाला कसं कळलं, हे माझे पेशंट आहेत ते?" मी विचारलं.

"कठडा धरून चढत होते. कठडा धरला की तो माणूस तुमचा, मॅडम. माझा नाही."

तोच आमचा नियम झाला. कठड्याला हात लावला तर खाली. माझ्याकडे बरा झालेला माणूस कठड्याला हात न लावता चढून गेला तर वर, पुढचं विलासभाऊ बघतील. दोन कामांतला फरक मी पुढे बऱ्याच ठिकाणी वाचला, पण इतका थोडक्यात कुठेच सापडला नाही.

उलटेही यायचे. एक पोट सुटलेले कंत्राटदार आठवडाभर वर गेले आणि मग हळूच माझ्या दारात उभे राहिले.

"मॅडम, तुमच्याकडे करंट आहे म्हणे. पोटाला लावून द्या ना. वर फार घाम येतो."

*

विलासभाऊंचा लाडका शब्द होता 'अजून एक'. पोरगं थकलं, हात थरथरायला लागले, की हे त्याच्या कानाशी जाऊन शांतपणे म्हणणार, "अजून एक." आणि पोरगं उचलायचं. माझा शब्द 'पुरे'. टेबलावरचा माणूस दात-ओठ खात जोर काढायला लागला की मी म्हणणार, "पुरे." दिवसभर वरून 'अजून एक' आणि खालून 'पुरे'. शेवटी समोरच्या टायरवाल्याला राहवलं नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचं दोघांचं नेमकं भांडण काय आहे?"

भांडण होतंच. संतोष नावाचा एक कॉलेजचा मुलगा वेटलिफ्टिंगच्या निवडीची तयारी करत होता. त्याचा खांदा दुखायला लागला. विलासभाऊ म्हणाले, दुखतंय म्हणजे व्यायाम लागतोय. मी म्हटलं, दुखतंय म्हणजे खांदा काहीतरी सांगतोय, आधी ऐका. त्या काळी रबरी पट्ट्या कुठे मिळायच्या? मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून संतोषला दिली. कोपर अंगाला चिकटवून ती हळूहळू बाहेर ओढायची, हळूहळू परत आणायची. संतोषला याची भयंकर लाज. एवढा दांडगा गडी आणि पोरांसमोर ट्यूब ओढत बसायचं!

तेव्हा विलासभाऊंनी पोरांकडे एकदा पाहिलं आणि ती ट्यूब स्वतः हातात घेतली. मी सांगत होते तसं, सावकाश. थोड्या वेळाने त्यांचा खांदा थरथरायला लागला. कपाळावर घाम आला.

"मॅडम, हे जड आहे," ते म्हणाले, आणि आरशाशेजारी खिळा ठोकून ट्यूब कायमची तिथे टांगून टाकली. पोरं तिला 'मॅडमचं मशीन' म्हणायला लागली.

*

आता फरकाचंच बोलायचं तर एक आजी सांगते. इगतपुरीकडच्या. मणक्याचं दुखणं घेऊन आल्या होत्या, लेकाने आणलं होतं. मी नव्या दमाची. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, खाली बसायचं नाही, सगळं करून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मंग आवंदा भाताची लावणी कराया तू येशील ना, बाई?"

त्या दिवसापासून पेशंट आला की माझा पहिला प्रश्न एकच: तुम्हाला काय करता यायला हवंय? आजींना वाकायचं कसं ते शिकवलं. विलासभाऊंना मी हा किस्सा सांगितला. "माझ्याकडे येणारा माणूस काय व्हायचंय ते सांगतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे येणारा काय राहिलंय ते सांगतो. तुमचं काम अवघड आहे."

त्यानंतर मी त्यांचा राग केला नाही.

*

दोन हजार सालानंतर नाशकात 'पर्सनल ट्रेनर' हा शब्द आला. विलासभाऊंनीही पाटीवर 'पर्सनल ट्रेनिंग' लिहून घेतलं. कॉलेज रोडच्या एका बंगल्याचं बोलावणं आलं. हे पहाटे स्कूटर काढून तिथे जाऊ लागले. दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात येऊन धपकन खुर्चीत बसले.

"काय झालं?"

"साहेब चहा घेत बसतात. म्हणतात, तुम्ही आधी करून दाखवा, मी बघतो. तीन दिवस मी त्यांच्या लॉनवर व्यायाम करतोय आणि ते बघतायत."

"मग?"

"मग काय! आज म्हणाले, बरं वाटतंय हो."

*

आणि एका सकाळी विलासभाऊ कठडा धरून खाली आले.

मी दारातच उभी होते. इतक्या वर्षांत त्यांचा हात कठड्याला लागलेला मी पाहिला नव्हता. डाव्या हाताने कठडा आवळून धरला होता, उजवा नुसता लोंबत होता. चेहरा एका बाजूला उतरला होता. ते माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी रिक्षा थांबवली. टायरवाला आणि मी मिळून त्यांना हॉस्पिटलात नेलं. वाटेत मी त्यांचा हात धरून बसले होते आणि मला रडू येत होतं. रोज अशी माणसं बघणारी बाई मी. पण ती माणसं आधीपासून माझी नसायची.

पक्षाघात. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं, पण शब्द येईना. असं झालं की कधी कधी आयुष्यभर घोकलेलं एखादंच वाक्य तोंडात उरतं. कुणाचं देवाचं नाव उरतं, कुणाची शिवी. विलासभाऊंच्या तोंडात दोन शब्द उरले.

"पाणी देऊ?"

"अजून एक."

"झोपायचंय का?"

"अजून एक."

घरी त्यांची बायको, सुनंदावहिनी, जेवायला वाढायच्या. पोळी हवी का विचारलं की उत्तर तेच. महिन्याभरात माझ्या काट्यावर त्यांचं वजन भलतंच वाढलेलं दिसलं. मी वहिनींना विचारलं, तर त्या कळवळून म्हणाल्या, "ते मागतात हो, मी नाही कशी म्हणू?" मग मी त्यांना सांगितलं, शब्द ऐकू नका, डोळे बघा. वहिनी तिथेच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. विलासभाऊ दोघींकडे बघत होते. त्यांचे डोळे सरळ सांगत होते की पोळ्या खाऊन ते कंटाळले आहेत.

*

मी त्यांनाही माझा तो प्रश्न विचारला. तुम्हाला काय करता यायला हवंय? त्यांनी डावा हात उचलला आणि छताकडे बोट दाखवलं. वर जिममध्ये पोरं आपापला व्यायाम करत होती, वजनं आपटल्याचा आवाज येत होता.

त्याच सुमारास वहिनींचे भाऊ मागे लागले होते, वरची जागा शिकवणीच्या क्लासला देऊन टाका, आता हे काय वर जाणार आहेत? वहिनी म्हणाल्या, "ते स्वतः वर जाऊन बघतील, मग ठरवू." पण भाऊ दर आठवड्याला यायचे. दिवाळीनंतर क्लासवाल्याला होकार द्यायचा, असं त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

विलासभाऊ आधी बसायला शिकले, मग उभं राहायला, मग कमरेला बांधलेला पट्टा आणि माझा हात यांच्या आधाराने चालायला. जिना राहिला. आता अडचण अशी की आमच्या जिन्याला कठडा चढताना उजव्या हाताला. डावीकडे नुसती भिंत. आणि चालणारा हात डावाच. मी हे संतोषजवळ बोलले. तो आता दुसरीकडे नोकरीला होता, पण संध्याकाळी यायचा. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर जिममधल्या जुन्या रॉडना क्लॅम्प लावून पोरांनी भिंतीवर कठडा करून ठेवलेला. रॉडवर पकडीसाठी असते ती खरखर तशीच होती.

दिवाळीआधी एका संध्याकाळी आम्ही चढायला सुरुवात केली. पोरांना मी आधीच दम दिला होता: कुणी ओरडायचं नाही, टाळ्या नाहीत, हे घाई करतील आणि पडतील. गाण्यांचा टेप बंद. वजनं खाली. सगळी पोरं वर जिन्याच्या तोंडाशी गोळा होऊन उभी, आणि आवाज कुणाचाही नाही. खाली वहिनी, त्यांच्या मागे त्यांचे भाऊ, दारात टायरवाला.

चढताना चांगला पाय आधी, हे मी हजारदा लोकांना सांगितलंय. त्यांना सांगावं लागलं नाही. डावा पाय वर, हात रॉडवर पुढे, मग उजवा ओढून शेजारी. थांबायचं. श्वास घ्यायचा. परत डावा. मी मागच्या पायरीवर, त्यांच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. पूर्ण जिनाभर ते एक शब्द बोलले नाहीत.

शेवटच्या पायरीच्या अलीकडे उजवा गुडघा थरथरायला लागला. शर्ट घामाने भिजला होता. पट्ट्यातून ती थरथर माझ्या हातात येत होती. वर संतोष दोन्ही हात पुढे करून उभा होता, पण मी नाही म्हटलं होतं म्हणून त्याने हात लावला नाही. मी घाबरले. खरंच घाबरले.

"विलासभाऊ, पुरे," मी म्हटलं. "आज इथपर्यंत. उरलेलं उद्या."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग वरच्या पायरीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे म्हणाले,

"अजून एक."

आणि डावा पाय उचलला.