पाण्यातली आई आणि शिखरावरची नागीण

इजिप्त म्हटलं की आमच्या पोरांच्या डोक्यात ममी आणि पिरॅमिड. फार तर सूर्यदेव. मी सोलापुरात कॉलेजात इतिहास शिकवते आणि दरवर्षी हाच वैताग. म्हणून यंदा ग्रंथालयातल्या व्याख्यानासाठी मी मुद्दाम तिथले गावदेव घेतले, ज्यांना स्वतःच्या मुलखाबाहेर कुत्रं विचारत नव्हतं. एका गावाची हातमेहित नावाची मासळीदेवी होती. पुढे तिथे मेंढ्याच्या रूपातला देव मोठा झाला आणि हिला त्याची बायको करून बाजूला बसवलं. आपल्याकडेही असंच चालतं, त्यामुळे ती मला लगेच ओळखीची वाटली.

दुसरी मेरेतसेगेर. नावाचा अर्थ, शांतता आवडणारी. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीजवळ एक डोंगर होता, त्याच्या शिखरावरची ही नागीण. चुकलेल्या माणसाची ती नजर घेते, अशी त्या लोकांची समजूत. मग तो माणूस आपली चूक दगडावर कोरवून घ्यायचा, आणि देवी माफ करायची म्हणे. एवढं वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. पलीकडे माझी आई भिंत चाचपत मोरीकडे चालली होती.

आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. धरण झालं तेव्हा गाव वर सरकलं, पण देवीचा तांदळा, शेंदूर फासलेला बिनघडणीचा दगड, खालीच राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो चिखलातून वर येतो. म्हणून ती पाण्यातली आई. डोळ्यांची देवी. कुणाची नजर अधू झाली की तिच्यापुढे जायचं, चारचौघांना ऐकू जाईल असा आपला गुन्हा बोलायचा आणि चांदीचे डोळे वाहायचे. तोवर डॉक्टर नाही, औषधाचा थेंब नाही. थेंब घातला तर देवी पाठ फिरवते, असं सगळं गाव मानतं.

वडील गेल्यापासून आई गावी थोरल्या काकूजवळ राहायची. एका वर्षी पावसाळा सरताना तिला बाजूचं दिसेनासं झालं. चौकटीला खांदा आपटायचा, तापल्या तव्याला हात लागायचा. काकू म्हणाली, "ह्ये डोळ्याचं दुखनं न्हाय. आईचं हाय." कारणही तिच्याकडे तयार होतं. गाव हललं तेव्हा देवीचे जुने चांदीचे डोळे आमच्या घरी ठेवले होते, ते हरवले. आई तेव्हा नवी नवरी. काकूचा संशय तेव्हापासून आईवर. इतकी वर्षं जपून ठेवलेला संशय, आता त्याला देवीचीच साक्ष मिळाली.

मला फोनवर दोघी सांगत राहिल्या, चष्म्याचा नंबर वाढलाय. दिवाळीत गेले तर आईची रांगोळी अर्धीच. एका बाजूला ठिपकेच नाहीत. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, आत्ताच्या आत्ता सोलापूरला चल.

आई म्हणाली, "आदी तिच्याफुडं जाऊन येते की. मग तू म्हनशील तितं."

धरण त्या साली काठोकाठ भरलं होतं. म्हटलं, मग काठावरून सांग तिला. काकू म्हणाली, "पान्याला सांगून काय हुतंय? तिच्या कानात पडाया पायजे."

मी भांडले, रडले. आई जागची हलली नाही. रात्री काकूनं तिला वाढलं. भाकरी पुढ्यात ठेवली आणि चटणी ताटाच्या अशा कडेला, जिकडचं आईला दिसत नव्हतं. आई कोरडी भाकरी खाऊन उठली. काकू बघत होती.

पाणी उतरायला मे उजाडला. तोवर आईला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. चिखलातून तिला धरून नेलं. माणसं काठावर मोटरसायकली लावून जत्रेला यावीत तशी जमली होती. आईनं तांदळ्यावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "डोळे म्याच घेतले व्हते."

घेतले नव्हते. माझी आई शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाही. नजर पाहिजे होती तिला, म्हणून बोलली. मागून काकू म्हणाली, "मोट्यानं बोल. हितं ऐकू येईना." आई मोठ्यानं बोलली. काकू म्हणाली, "अजून मोट्यानं." आई घसा फाटेपर्यंत ओरडली, आणि गावात कायमची चोर ठरली.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. वेळेवर थेंब घातले असते तर होती तेवढी टिकली असती. आईनं त्यांना विचारलं, "म्या खोटं बोलले, म्हनून आली न्हाय व्हय?" डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि तिचा राग आला. इतका, की घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. व्याख्यान मी घरात मोठ्यानं म्हणून बघायची. नागिणीचा भाग गाळायचा असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेला. आई ऐकत होती.

"त्यो दगड त्यानं सोताच कोरला का गं?"

"कुणाकडून तरी कोरवून घेतला असेल. नजर गेलेला माणूस कसा कोरणार?"

"मंजी त्यानं खरंच काय केलं व्हतं का न्हाय, कुनाला ठावं."

मी म्हटलं, कुणालाच नाही. तिथली वस्ती उठली, माणसं गेली, देवीलाही कुणी विचारेनासं झालं. हे ऐकून तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

परवा काकूचा फोन आला. पाणी उतरलंय म्हणाली. "तिनं अजून कायतरी लपवलंय, त्याबिगर नजर अडून ऱ्हात न्हाय. यंदा परत घिऊन ये." मी तिला नको ते बोलले आणि फोन आपटला.

काकूचा आवाज फोनबाहेर येतो, आईनं सगळं ऐकलं होतं. जेवायला बसवलं तर घास हातातच. मी चटणीवर तिचं बोट टेकवलं तरी तिचं लक्ष नाही.

"बाय," ती म्हणाली, "तू शिकलेली हायीस. आटवून बग की. दुसरं काय केलं असंल गं म्या?"