ताईचं वय

कापड बेतून कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेशी तिचा संबंध चौथीपर्यंतच आला होता. आता सत्तरी उलटली, दुकान मुलीच्या हाती दिलं, तरी काजं करायच्या निमित्ताने ती रोज येऊन बसे. अशीच बसली असताना संग्रहालयातली एक बाई तिला शोधत आली.

"लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं कोरायचे, ते तुमचे काका ना?" बाईने विचारलं. "बंद पडलेल्या छापखान्याच्या माळ्यावर त्यांचे लाकडी ठसे सापडलेत. पुस्तकांत त्यांचं नाव कुठेच नाही. तिथे अक्षरांचे खिळे जुळवणारे एक आजोबा होते, त्यांनी तुमचा पत्ता दिला."

मास्तरणीची सुई थांबली. बाईने पिशवीतून एक जीर्ण पुस्तक काढून उघडलं. झाडाखाली एक मुलगी गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"ही तुम्हीच ना? आजोबा म्हणाले, पुतणीला समोर बसवून काढायचे."

"गुडघे माझे आहेत," मास्तरीण म्हणाली.

बाई हसली. तिला थट्टा वाटली.

थट्टा नव्हती ती. ताई म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. दोन्ही भावांचं घर एकच, त्यामुळे दोघी मुली एकाच अंथरुणात वाढल्या. ताई तापाने गेली आणि काकांनी मागची कामाची खोली बंद केली. खिडकीखालचं टेबल, वाळूने भरलेली चामड्याची उशी, तिच्यावर अर्धवट कोरलेला ठसा, सगळं तसंच पडून राहिलं. मग एक दिवस काकूने पुतणीला ताईचा ठिपक्यांचा फ्रॉक घातला, वेणी घट्ट बांधली आणि त्या खोलीत नेऊन सोडलं.

"स्टुलावर बस. हलू नको," काका म्हणाले.

ती बसली. काका तिच्या हातांकडे बघत, गुडघ्यांकडे बघत, फ्रॉकच्या चुण्यांकडे बघत. चेहऱ्याकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. काही दिवसांनी ठसा तयार झाला. त्यावर शाईचा रूळ फिरला, कागद दाबला गेला, आणि काकांनी तो जखमेवरची पट्टी काढावी तसा जपून उचलला. कागदातून ताई बघत होती.

काकू वाकून बघत राहिली. "किती उंच झाली हो ही," ती म्हणाली.

तेव्हापासून पुतणी वाढली तशी पुस्तकांतली ताईही वाढत गेली. जुना फ्रॉक आखूड झाला तेव्हा काकूने नवा शिवला. "ताईला निळाच आवडतो," ती म्हणाली. आवडायचा, असं ती कधी म्हणत नसे. पोरीला आरशात बघायची भीती वाटू लागली. आपला चेहरा दुसऱ्या कुणाची तरी जागा अडवून बसलाय, असं तिला वाटे.

सोळाव्या वर्षी तिने धीर केला. "काका, मी आता बसणार नाही."

काकांनी हातातली कोरणी खाली ठेवली. "बरं," एवढंच म्हणाले.

काकूने मात्र तिच्याशी अबोला धरला, तो मरेपर्यंत सोडला नाही. पोर शिवणकाम शिकली, लग्न झालं, दुकान टाकलं. काका अधूनमधून यायचे. कधी सदऱ्याची कॉलर उलटवून हवी, कधी कोटाचं अस्तर सुटलेलं. समोरच्या बाकावर तासन्‌तास बसून राहायचे.

"उद्या न्या की काका."

"घाई कुठेय? बसतो."

म्हाताऱ्याला घर खायला उठत असेल, असं तिला वाटे. ती चहा मागवायची आणि मशीन चालू करायची.

हे सगळं तिने बाईला सांगितलं नाही. पण चार दिवसांनी ती संग्रहालयात गेली. लांबलचक टेबलावर ताजे छाप मांडून ठेवले होते. झाडाखालची ताई, होडीतली ताई, कंदील धरलेली ताई. ते पाहून झाल्यावर बाई म्हणाली, "पलीकडचे कुठल्याच पुस्तकात नाहीत. कुणासाठी कोरले, कळत नाही."

पलीकडे ताई विशीत आली होती. पुढच्या छापात तिला दिवस गेले होते. त्यापुढे तिला चष्मा लागला होता, कानामागे केस पांढरे झाले होते. आणि हात! कात्रीने सुजलेलं अंगठ्याचं पेर. मनगटावर इस्त्रीचा चटका. तो चटका मास्तरणीला दुकानातच बसला होता. मुलीच्या वेळी पोट पुढे आलेलं असताना काका लागोपाठ सदरे घेऊन यायचे, तेही आठवलं.

तिच्या मानेवर काटा आला. बाईने खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बसणार नाही म्हणाले होते मी," मास्तरीण पुटपुटली. "तरी बसवूनच घेतलं की मला. माझ्याच दुकानात."

बाईला अर्थ लागेना. मग मास्तरणीने सगळं सांगितलं. बाईने वही उघडली.

"चित्रांखाली काय लिहू?" तिने विचारलं.

"कोरणाऱ्याची मुलगी, असं लिहा. आणि हात पुतणीचे, हेही लिहा. ते माझे आहेत. ते नाही द्यायची मी."

निघताना बाईने चष्म्यातल्या ताईचा एक छाप गुंडाळून दिला. दुकानात मुलीने तो उलगडला.

"अय्या, ही तू? वेगळीच दिसतेस गं."

"माझी चुलत बहीण ती."

"तुला बहीण होती? बोलली नाहीस कधी! कधी गेली?"

"मी सात वर्षांची होते. ती नऊची."

मुलीने चित्रातल्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग आईच्या मनगटाकडे. तिने तो कागद टेबलावर पालथा ठेवला.

मास्तरणीने तो पुन्हा सुलटा केला.

"राहू दे," ती म्हणाली. "बघू दे तिला."