फाटकाबाहेरचे वीस चौरंग

जपानातल्या आइझूकडच्या आमच्या गावात मित्सुएच्या हातचं कोझुयू न प्यायलेला माणूस शोधून सापडायचा नाही. सुक्या शिंपल्यांच्या पाण्यातलं ते सूप, वाटीमागून वाटी मागून घ्यायचं. ओबोनला, ऑगस्टात पितर घरी येतात तेव्हा, बाई वीस जणांचा स्वयंपाक एकटीने ओढायची. थोरल्या घरची सून ना! पंचेचाळीस वर्षं. पितर बिचारे तीन दिवस राहून निमूट परत जात. नवऱ्याकडची माणसं मात्र डबे भरून नेत.

यंदा जुलैत तिच्या मनाने घेतलं, आता बस्स. यंदा स्वयंपाक नाही. पण सांगायचं कसं? मित्सुए म्हणजे दारात पाय अडखळला तर दाराची माफी मागणारी.

शब्द नव्हते असं नाही, पण एकही अंगाला बसेना. ‘जियू’ म्हणजे स्वातंत्र्य, पण तो पेपरातला, निवडणुकीतला शब्द. स्वयंपाकघरात तो काढणं म्हणजे अळकुड्या सोलायला लग्नातला किमोनो नेसून बसणं. दुसरा ‘कत्ते’. हा सासूचा लाडका. माहेरी एक दिवस जास्त राहिली की सासू म्हणायची, “कत्ते झालीय,” म्हणजे स्वतःच्या मनाची. नवरा तेइजीही तोच वापरायचा. “कत्ते कर, हवं ते कर,” म्हणून पेपरचं पान उलटायचा, की मग कुणाची बिशाद होती ते करायची! मैत्रिणी गरम झऱ्यांवर सहलीला जाताना ‘पंख पसरून येऊ’ म्हणत, पण त्यात संध्याकाळी पंख मिटून घरी यायचं गृहीतच. आणि ‘किमामा’, म्हणजे मनमौजी, हा शोभतो शेजारच्या बोक्याला.

‘जियू’ हा शब्द गावात न लाजता बसतो तो एकाच ठिकाणी, फाटकापाशी. काकड्या जास्त झाल्या की लोक टोपली बाहेर ठेवतात आणि चिठ्ठी लावतात, ‘जियूने न्या’, म्हणजे हवं ते खुशाल न्या. मित्सुएने घरातले वीस काळे चौरंग काढले. लाखेचे, पाहुण्यांच्या पंगतीचे. मऊ फडक्याने पुसले, काकड्यांच्या टोपलीशेजारी रचले आणि ब्रशने तीच चिठ्ठी ठळक लिहिली.

दुपारपर्यंत काकड्या संपल्या. चौरंग न्यायला कुणी हात लावला नाही. लावला तो भलत्याच कारणाने. जुलैत पावसाळा सरला की लाखेच्या वस्तू वाऱ्याला काढायच्या ही आमच्याकडची रीत. लोकांना वाटलं, तेच चाललंय. पोस्टमनने ऊन लागू नये म्हणून चौरंग वळचणीला सरकवले, समोरच्या म्हातारीने वर चादर घातली. आता या भल्या माणसांवर चिडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी मित्सुएने चादर घडी करून परत दिली आणि चिठ्ठी थेट वरच्या चौरंगावर चिकटवली. पेपर आणायला निघालेल्या तेइजीने ती वाचली. तसाच घरात परतला. बहिणीला फोन केला.

हिसानो दहा वाजता गाडी घेऊन हजर. गाडीतून उतरता उतरताच तिने विचारलं, “वहिनी, थोरल्या घराचं दिवाळं निघालं की काय?”

“नाही हो वन्सं.”

“मग ओबोनला आम्ही जेवायचं कशावर, तळहातावर?”

मित्सुएच्या दातांपर्यंत माफी आली होती. तिने ती गिळली.

“पितरांचं मी करते. त्यांना यायला काकडीचा घोडा, परत जायला वांग्याची गाय, दिवे, सगळं. तुम्ही या, उदबत्ती लावा. जेवण मी करणार नाही.”

“का, तब्येत बरी नाही?”

“तब्येत ठणठणीत आहे. मला करायचं नाहीये.”

हिसानोने व्हरांड्यातल्या भावाकडे पाहिलं. “दादा, तू काही बोलशील का?”

तेइजीने बराच वेळ घसा साफ केला. मग म्हणाला, की उन्हाळ्यात त्याला गार शेवयाही चालतात. पंचेचाळीस वर्षांत हे त्याने आज सांगितलं!

हिसानोने एक चौरंग उचलला, उलटा करून पाहिला, कड चाचपली. मग हळूच म्हणाली, की हे तिने लग्नात मागितले होते. आईने दिले नव्हते, थोरल्या घराचे म्हणून.

“आता न्या ना,” मित्सुए म्हणाली.

“नेले तर पंगत माझ्याकडे बसेल.”

“हो.”

हिसानोने मान डोलावली, चार खेपांत वीसही चौरंग गाडीत भरले आणि काच खाली करून विचारलं, “शिंपले किती वेळ भिजवायचे?”

“आदल्या दिवसापासून.”

चौदा ऑगस्टला मित्सुए हिसानोकडे जरा उशिराच पोचली, बिनएप्रनची. पाहुण्यांच्या रांगेत बसली. रिकाम्या वाट्या दिसल्यावर गुडघे सवयीने दोनदा उठायला निघाले, तिने हातांनी दाबून धरले.

“खारट झालंय का गं, वहिनी?” घामाघूम हिसानोने विचारलं.

“थोडं,” मित्सुए म्हणाली, आणि वाटी पुढे केली. “अजून वाढा.”