बाळाला गुटगुटीत म्हटलं त्या दिवशी

मला एका जागी बसवत न्हाय. शाळेतनं त्याच्यापायीच हाकललं. आणि बायको निघाली आशाताई व्हायला, जिचं निम्मं काम म्हंजे गप बसून तान्ह्या बाळाचा श्वास मोजायचा. ट्रेनिंगहून आली की घरात बाळ मीच. उताणं पाडायची आणि पोटाकडं बघत मोजायची. मी मधीच हसायचो, पोट हलायचं, आकडा हुकायचा.

"अवो, बाळ असं खिदळतंय व्हय?"

"मग पाज की आधी," मी म्हणायचो. धपाटा बसायचा.

मग तिच्या परीक्षेचा दिवस आला. कागदावरची परीक्षा न्हवं. कुरुंदवाडजवळच्या एका गावात बाळंतिणीच्या घरी जायचं, सगळं बायकोनं करायचं आणि दवाखान्यातली सिस्टर नुसती बघत बसणार. सिस्टरला पटलं तर बायकोनं एकटीनं घरोघरी जायचं, न्हाईतर पुन्हा दुसरीच्या मागं पिशवी धरून फिरायचं. मी शिरोलीच्या फाउंड्रीत रजा टाकली आणि तिला गाडीवरनं सोडलं. सिस्टर म्हणाली, "तुम्ही बाहेरच थांबा."

थांबतोय व्हय मी! गाडी उन्हात लावली, काढली, सावलीत लावली. तंबाखू मळली आणि तशीच टाकून दिली. बघतो तर बाळाचं वजन करायचा काटा हँडललाच लटकत हुता. बायको विसरून गेलती. मला तेवढंच कारण गावलं. काटा घिऊन सरळ आत.

बाळ आज्जीच्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेलं. बायकोनं काट्याला झोळी अडकवून दावली. आज्जी कुरकुरत का हुईना, बाळ द्यायला लागलती. आणि माझं तोंड सुटलं.

"आयला, काय गुटगुटीत हाय की वो! ह्याचं वजन कशाला करतासा?"

तान्ह्या बाळाला तोंडावर असं म्हणायचं नसतं, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. आज्जीनं बाळ छातीशी ओढलं.

"पावणं, नजर लावाय आलासा व्हय? वजन न्हाय आणि काय न्हाय! उठा समदी!"

मी सावराय गेलो. "तसं न्हवं आज्जी, काळंकुट्ट हाय, हडकुळं हाय..."

आज्जी आणखीनच भडकली. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. परीक्षा बायकोची हुती.

"तुमी गप बसा," बायको म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली न्हाय, म्हणून जास्त भ्या वाटलं. मग आज्जीला म्हणाली, "आधी दृष्ट काढा. मला घाई न्हाय. मग बाळ द्या."

दृष्टीला मीठ-मोहऱ्या आल्या, मिरच्या आल्या. ज्याची नजर लागली त्याच्या पायाखालची माती पायजे. खाली तर फरशी! मग मी बाहेर जाऊन माझीच चप्पल खरवडली. निघाली फाउंड्रीची काळी वाळू. आज्जीनं ती घेतली, बाळावरनं सगळं उतरवून चुलीत टाकलं. ठसका लागू नये म्हणून बाळंतिणीनं बाळाला आतल्या खोलीत नेलं. मोहऱ्या तडतडल्या तशी आज्जी म्हणाली, "बघा, केवढी नजर ह्या बाबाची!" आणि मला बाहेर घालवलं.

मी खिडकीला कान लावला. दुपटी निघाली, एकाखाली एक. काट्याची कडी वाजली. मग बायको म्हणाली, "सिस्टर, काटा हिरव्यावर न्हाय. पिवळ्यावर हाय."

"मग?" सिस्टर एवढंच म्हणाली.

"आज्जी, बाळ वजनाला कमी हाय. आयच्या छातीला उघडं लावून वरनं पांघरूण घाला. सारखं पाजा. आंघोळ आत्ता नको. मी रोज येऊन बघीन."

मी गुटगुटीत म्हटलं ते त्या दुपट्यांना. माझं ऐकून काटा परत गेला असता तर?

सिस्टर बाहेर आली. "उद्यापासनं ताई एकटी येईल. एकटी म्हंजे एकटी," असं माझ्याकडं बघून म्हणाली.

मी बायकोला विचारलं, "म्हंजे पास?"

"बाळाचं वजन वाढू दे, मग इचारा."

तवापासनं मी तिला गल्लीच्या तोंडाला सोडतो आणि ती येस्तवर गाडीभवती फिरतो. ती आली की मी म्हणतो, "पाजलं का? वाढलं का?"

"हळूहळू वाढतंय," ती म्हणती. "तोंड उघडू नका. चला."