नीरेपलीकडची भाऊबीज

पन्नास सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी बारामतीला मास्तरकी करत होतो आणि भाड्याच्या एका खोलीत एकटा राहत होतो. दिवाळीची सुट्टी लागली की ती खोली मला खायला उठायची. चारी बाजूंनी तळणाचा वास यायचा. शेजारणी चार करंज्या आणून द्यायच्या आणि "एकटेच का मास्तर?" असं विचारून जायच्या. करंज्यांपेक्षा तो प्रश्नच पोटात जास्त वेळ राहायचा.

त्या वर्षी मात्र मला जायला ठिकाण होतं. नीरेपलीकडच्या गावातून दाजींचं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचं, कार्ड आलं होतं. "यंदा भाऊबीजेला या. नरसिंहपुराला नावेवर मी स्वतः घ्यायला येतो. कान केव्हाच बरा झाला आहे."

कानाचं सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी अक्काच्या लग्नात मी कानपिळीला बसलो. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ अशी समज द्यायची आणि मानाचा टॉवेल-टोपी घेऊन उठायचं. सगळे हसतात आणि संपतं. मला हसू येत नव्हतं. आई लवकर गेलेली. मला न्हाऊ-माखू घातलं ते अक्कानं, आणि तीच आता चालली होती. मी सतरा वर्षांचा होतो आणि माझा सगळा राग त्या एका कानावर निघाला. नख लागलं, रक्त आलं. नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याचे वडील भर मांडवात उठून म्हणाले, "ह्या पोराचा पाय आमच्या उंबऱ्याला लागता कामा न्हाय."

चुकलो म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पुढं आमचे वडील वारले तेव्हा अक्का सासऱ्यांबरोबर आली आणि त्यांच्याबरोबरच परत गेली. आता ते सासरे राहिले नव्हते.

मला इतकी घाई झाली, की मी दोन दिवस आधीच निघालो. पिशवीत अक्कासाठी इरकली लुगडं, चार चकल्या आणि कोरडा सदरा. इंदापुरात मोटार बदलून दुपारी नरसिंहपुरात उतरलो. देवाचं दर्शन घेऊन नीरेच्या घाटावर आलो, तर नाव उभी. म्हाताऱ्या नावाड्यानं, तात्यांनी, माझी चौकशी केली आणि आभाळाकडं बघितलं.

"बसा मास्तर, आत्ताच सोडतो. लक्षण बरं न्हाय."

"भाऊबीज परवा आहे. दाजी घ्यायला येणार आहेत."

"आवं, भनीच्या घरी जायाला आवतान कशाला लागतंय?"

"बोलावलंय त्याच दिवशी जाईन, तात्या."

ज्या दारातून आपल्याला हाकललं, त्या दारात आपणहून कसं जायचं? कुणीतरी मानानं न्यायला नको? असा माझा ताठा. नाव माझ्याशिवाय गेली आणि मी मोठ्या ऐटीत धर्मशाळेत पथारी टाकली.

संध्याकाळी पाऊस सुरू झाला. आमच्या इंदापूर तालुक्यात पावसाची वाट बघून माणसं म्हातारी होतात, आणि तो मेला ऐन दिवाळीत, नको असताना, धो धो कोसळला. दुसऱ्या दिवशी पाडवा. धर्मशाळेत माझ्याखेरीज कुणी नव्हतं. पुजाऱ्यांच्या घरून ताट आलं, ते मी भिंतीकडं तोंड करून जेवलो. चकल्या सादळल्या. अंथरूण ओलं, सदरा ओला. कोरडं होतं ते फक्त लुगडं, कारण ते मी पोटाशी धरून बसलो होतो. तासातासाला घाटावर जायचं आणि कालच्यापेक्षा किती पायऱ्या बुडाल्या ते बघायचं, एवढंच काम उरलं होतं. इतकं एकटं मला बारामतीच्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

भाऊबीजेच्या सकाळी नीरा गढूळ होऊन दोन्ही काठांवर चढली होती. नाव वर ओढून झाडाला बांधलेली.

"आज न्हाय सुटायची," तात्या म्हणाले.

"उद्या?"

"ते नदीला इचारा."

पुलावरून वळसा घालावा, तर मधले ओढे भरलेले आणि तिकडच्या मोटारी बंद. उद्या मुक्काम आटोपून निघायचं, परवा शाळा उघडायची. मी पायरीवर बसून राहिलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

तिसऱ्या प्रहरी तात्यांनी हाक मारली. "मास्तर, पलीकडं बघा. तुमचीच मानसं दिसत्यात."

पलीकडच्या उतारावर एक बाई आणि एक पुरुष उभे होते. तोंडं दिसत नव्हती. पण बाईनं ताट उजव्या कमरेवर टेकवलं होतं, आणि तसं ताट धरणारं माणूस मला जगात एकच माहीत होतं. मी "अक्का!" म्हणून ओरडलो. नदीच्या आवाजात ते मलाही ऐकू आलं नाही.

तिनं ताट उचललं आणि मला ओवाळलं. दिवा तग धरत होता की नाही, कोण जाणे. मी टोपी सारखी केली, मान खाली घातली आणि अक्षता पडण्याची वाट बघितली. मान वर केली तेव्हा नीट दिसलं. छत्री एकच होती. ती दाजींनी हात लांब करून अक्काच्या डोक्यावर धरली होती आणि ते स्वतः निथळत होते.

मी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. तसाच वाकलो.

दाजींनी मोकळा हात वर नेला, आपला कान चाचपला आणि तो हात 'असू दे' म्हणून हलवला. अक्कानं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं दोघं एका छत्रीतून उतार चढून गेले.

लुगडं मी तात्यांच्या हातात दिलं. "पाणी उतरलं की पोचवा."

"तुमीच थांबा की दोन दिस. आन् कान कशापायी धरला वं?"

"ते पाच वर्षं राहिलं होतं," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.